चौदावी गाठ

१

आमच्या मजल्यावर दोनच घरं, एक आमचं आणि एक अक्कांचं. वीस वर्षं झाली, त्यांची एक किल्ली आमच्या खुंटीला आणि आमची एक त्यांच्या. लोक मला चौकस म्हणतात, आमचे हे सरळ चोंबडी म्हणतात, आणि दोघांचंही बरोबर आहे. कुणाकडे कोण आलं, किती वेळ बसलं, जाताना तोंड कसं होतं, हे कळल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही. पण अक्कांच्या घरात मी नाक खुपसायचे ते त्यांच्या राजीखुशीनं. भाजी निवडायला मी त्यांच्याकडे जायचे आणि त्यांच्या मुलाचे फोन आम्ही दोघी मिळून ऐकायचो.

मुलगा एकच. त्याला सगळे बारक्या म्हणतात. बेचाळीस वर्षांचा, सहा फुटाचा, डोक्यावर केस मोजके, तरी बारक्याच. तो राहतो त्या शहरातून आमच्या शहरात यायला विमानाला चौदा तास लागतात. अंतर बारा हजार सहाशे किलोमीटर. हे आकडे मला माझ्या लग्नाच्या तारखेपेक्षा जास्त पाठ आहेत, कारण अक्कांनी ते भिंतीवर लावले होते.

अक्का भूमापन खात्यात आरेखक होत्या. मोजणीदार बाहेरून मापं आणायचे आणि ह्या टेबलाशी बसून त्यांचा नकाशा करायच्या. त्यांच्या झोपायच्या खोलीत जगाचा मोठा नकाशा होता. बारक्याच्या शहरावर एक टाचणी, आपल्यावर एक, आणि मधे पांढरा दोरा, तोही सरळ नाही, धनुष्यासारखा वर वाकवलेला. मी एकदा म्हटलं होतं, सरळ का नाही बांधला, दोरा वाचला असता. तर म्हणाल्या, पृथ्वी वाटोळी आणि कागद सपाट. कागदावर सरळ दिसते ती वाट लांबची पडते.

त्या दोऱ्यावर चौदा गाठी होत्या. एका गाठीला एक तास, एका गाठीला नऊशे किलोमीटर. आणि दोऱ्यात ओवलेलं एक लाल बटण, बारक्याच्या शाळेच्या स्वेटरचं. तो विमानात बसला की दर तासाला बटण एक गाठ पुढे ओढायचं. टक्क करून गाठ ओलांडायची. अक्कांचा डोळा लागला तर ते काम माझं. नियम एकच होता. विमानाच्या पुढे बटण न्यायचं नाही. मागे राहिलं तर चालेल, पुढे नाही.

का, ते मी कधी विचारलं नाही. एवढी चौकस मी, पण हे नाही विचारलं.

२

ह्या वेळी बारक्या चार वर्षांनी येत होता. मधल्या काळात अक्कांची फुप्फुसं थकली होती. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी मला जिन्यात गाठून सांगितलं होतं की मुलाला बोलवायचं असेल तर आता बोलवा. अक्कांनाही ते न सांगता कळलं होतं. म्हणायच्या, "त्याला एकदा डोळ्यांनी बघते, मग कुठेही न्या मला."

पहाटे दोनला बारक्यानं विमानात बसताना फोटो पाठवला होता. करड्या रंगाचा स्वेटर, मानेभोवती उशीचं ते फुगीर कडं, मागे विमानाचं दार. अक्का तेव्हापासून जाग्या होत्या आणि एकट्याच गाठी ओढत होत्या. मी सकाळी सातला गेले तेव्हा त्यांनी पाचवी गाठ ओढली आणि पलंगावर बसल्या त्या बसल्याच. श्वास असा, जसं कुणी ओल्या कापडातून ओढतंय. मी त्यांना आडवं केलं. आठला सहावी गाठ मी ओढली.

पण त्यांना झोप येईना. दर पाच मिनिटांनी डोळे उघडायच्या आणि विचारायच्या, कितवी. सहावी, अक्का. परत डोळे, परत कितवी. प्रत्येक वेळी धाप जरा जास्त. आठ गाठी राहिल्या म्हटलं की त्यांचा चेहराच उतरायचा, जसं आठ जिने चढायला सांगितलेत.

आजारी माणसाशी खोटं बोलायला मी कधी भ्यायले नाही. सासूबाईंशी शेवटचं वर्षभर बोलले, आणि त्या सुखानं गेल्या. मी उठले, बटण चिमटीत धरलं आणि सरळ ओढत नेलं. टक्क, टक्क, टक्क, आठ वेळा, आपल्या टाचणीला टेकेपर्यंत. मग म्हटलं, "बघा अक्का, चौदावी. उतरला बारक्या. आता निजा गुपचूप."

त्यांनी नकाशाकडे बघितलं, हसल्या, आणि दिवा मालवावा तशी झोप लागली त्यांना. मी मनात म्हटलं, दोन मिनिटं जाऊ देत, मग बटण परत सहावीवर. चहाचं आधण ठेवायला मी स्वयंपाकघरात गेले.

तेवढ्यात बेल वाजली. दोन तोकड्या, एक लांब. अशी बेल ह्या घरात एकच माणूस वाजवायचा.

३

दार उघडलं तर बारक्या. करडा स्वेटर, मानेभोवती ते कडं, हातात चाकांची बॅग.

मी आधी खुळ्यासारखी हसले. मग म्हटलं, अरे तू कसा काय, विमान तर आत्ता कुठे समुद्रावर असेल.

तो माझ्याकडे बघत राहिला. ऐकू गेलं नाही की काय, असं वाटेपर्यंत बघत राहिला, आणि मग म्हणाला, "पोचलो, काकू."

मनानं लगेच हिशोब जुळवून टाकला. आदल्या दिवशीच निघाला असेल. फोटो जुना पाठवला असेल. हल्लीच्या मुलांना आईबापांना चकित करायची हौस असते. माझ्या भाचीनं असंच येऊन तिच्या बापाचा रक्तदाब वाढवला होता. मी त्याला लटकं रागावले, आई झोपलीय म्हटलं, आवाज करू नकोस. तो माझ्या बाजूनं आत गेला. जाताना त्याच्या अंगावरून जो गारवा आला तो बाहेरच्या हवेतला नव्हता. फ्रिजचं दार उघडल्यावर पायांवर येतो, तसा.

आणि माझ्या कानांत दडे बसले. मी जांभई दिली, नाक चिमटीत धरून फुंकलं, सुटेनात.

४

तो अक्कांच्या पलंगाजवळच्या खुर्चीत बसला. मी चहा घेऊन गेले, काही विचारत राहिले. वाट कशी होती, जेवलास का, किती दिवस आहेस. प्रत्येक वेळी तेच. मी बोलायचे, तो थांबायचा, मग उत्तर. मी मनात मोजलं. एक, दोन, आणि मग त्याचे ओठ हलायचे. मला हे ओळखीचं वाटत होतं आणि कुठलं ते आठवत नव्हतं. नंतर उमगलं. बारक्या तिकडून फोन करायचा तेव्हा असंच व्हायचं. आपला आवाज तिकडे पोचायचा, त्याचा इकडे यायचा, मधे एक, दोन. पण तेव्हा तो बारा हजार किलोमीटरवर असायचा. आता तो माझ्यापासून हातभर लांब होता.

दमलाय, मी स्वतःला सांगितलं. चौदा तास बसून माणसाचं डोकं बधिर होतं.

पण बसायची रीतही चमत्कारिक होती. खोलीत हवी तेवढी जागा होती, आणि ह्या सहा फुटी माणसानं गुडघे जुळवून घट्ट मागे घेतले होते, समोर कुणाची तरी पाठ असल्यासारखे. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर. नजर समोर, जरा वर, जिथे काहीच नव्हतं. मधेच तो दोन्ही पाय एका बाजूला घ्यायचा, अंग चोरायचा, क्षणभर तसाच राहायचा, आणि परत पाय सरळ. बसल्या जागेवरून कुणाला तरी वाट करून द्यावी तसं. दोन-तीनदा केलं त्यानं. माझ्या आणि त्याच्या मधून कुणीही गेलं नव्हतं.

त्याच्या गालावर उजेडाचा एक ठिपका होता, अंड्याच्या आकाराचा. मी खिडकीकडे बघितलं. पडदा ओढलेला होता. आणि ठिपका पडला होता तो भिंतीच्या बाजूनं.

तेव्हा मला बटणाची आठवण झाली. म्हटलं, निदान तेवढं जागेवर ठेवावं. मी उठले आणि नकाशाकडे हात केला.

"काकू, हात लावू नका."

ह्या वेळी तो थांबला नव्हता. माझा हात अजून हवेत होता आणि उत्तर आलं होतं. मान पूर्ण वळवून तो माझ्याकडे बघत होता. हा मुलगा माझ्या डोळ्यांसमोर वाढला. रागावला की आधी हसू दाबायचा. ह्या चेहऱ्यावर दाबायला काही नव्हतं. घरात शिरलेल्या मांजरीकडे बघावं तसं तो माझ्याकडे बघत होता.

मग म्हणाला, तुम्ही घरी जा. मी गेले. माझ्यामागे दार लागलं, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा आतली कडी सरकल्याचा आवाज मी बाहेरून ऐकला.

५

आमचे हे छापखान्यात आहेत, त्या आठवड्यात दुपारपाळी होती, म्हणून सकाळी घरीच होते. त्यांना सगळं सांगितलं. पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, पोरगा चार वर्षांनी आईला भेटतोय, त्यात तू ताट घेऊन मधे, कडी लावणार नाही तर काय तोरण लावणार. मी बटणाचं सांगितलं, बोलायच्या उशिराचं सांगितलं. म्हणाले, "कडी लागली म्हणून तुझं पोट दुखतंय. बाकी काही नाही."

तरी माझ्या समाधानासाठी गेले. बेल वाजवली. दार बोटभर उघडलं, साखळी लावलेलीच होती. दोन वाक्यं झाली आणि हे परत आले. ठीक आहे म्हणाले, चेहरा जरा ओढलाय, थकलाय. पण येताना कानात करंगळी घालून हलवत होते. मी विचारलं काय झालं. म्हणाले, काही नाही, कानात पाणी गेलं असेल. अंघोळ त्यांनी अजून केली नव्हती.

अकराला ते कामावर गेले. घरात मी एकटी. अक्कांची खोली आणि आमची खोली ह्यांत एकच भिंत आहे. मी भिंतीला कान लावला, लाज कसली. आत घरघर चालू होती, फ्रिजसारखी, पण थांबत नव्हती, दम घेत नव्हती. एकसुरी. भिंतीवर तळहात ठेवला तर हातात मुंग्या आल्या. आमच्या टेबलावरच्या पेल्यातलं पाणी थरथरत होतं.

त्या आवाजाच्या खाली कुठेतरी अक्कांचा श्वास होता. तोही मी मोजला. तो मात्र फार उथळ होता.

६

मी बारक्याच्या फोनवर सकाळीच निरोप टाकला होता, तू नक्की कधी निघालास. तो निरोप पोचलाच नव्हता, फोन एकच खूण दाखवत होता. साडेअकराला फोन वाजला.

निरोप आला होता. "काकू, विमानातलं इंटरनेट आत्ता कुठे मिळालं. अजून साडेचार तास. आई झोपली का?"

मी खाली बसले. खुर्ची नव्हती तिथे, जमिनीवरच बसले.

शेवटी एवढंच लिहिलं, तू कुठे आहेस. लगेच आलं, समुद्रावर, खाली सगळे ढग. खिडकीशेजारी असलेला माणूस सारखा उठतोय, प्रत्येक वेळी पाय आखडून घ्यावे लागतात, गुडघ्यांचं भरीत झालंय. शेवटी हसरा चेहरा.

विमान कुठे आहे ते दाखवणारं चित्र त्यानं मला फोनवर लावून दिलं होतं. ते उघडलं. निळ्या पाण्यावर एवढंसं विमान, आणि खाली लिहिलेलं, उरलेला वेळ चार तास बावीस मिनिटं. आणि भिंतीपलीकडे घरघर.

मी माणूस आहे साधी. सातवी पास. ज्याचा अर्थ लागत नाही त्याच्या वाटेला जाऊ नये हे मलाही कळतं. पण पलीकडे अक्का होत्या, त्यांना साडेचार तास काढायचे होते, आणि ते बटण मीच पुढे नेलं होतं.

७

कडी पुढच्या दाराला होती. मागच्या बाजूला दोन्ही घरांची गॅलरी एकच आहे, मधे कमरेएवढी जाळी, आणि कपडे वाळत घालायला सोपं जावं म्हणून तिचं फाटक आम्ही कधी लावत नाही. मी तिथून त्यांच्या स्वयंपाकघरात शिरले.

तोंडातून वाफ आली. बाहेर भर दुपारचं ऊन होतं. ओट्यावर बिस्किटांचा न फोडलेला पुडा होता, तो उशीसारखा टम्म फुगला होता. दुधाची पिशवीही तशीच, हात लावला असता तर फुटली असती. आत चार पावलं टाकली आणि मला धाप लागली. हवा होती, पण पुरत नव्हती.

अक्का जाग्या होत्या. ओठ जांभळे, नखं जांभळी. त्यांचा हात त्याच्या हातात होता, आणि चेहऱ्यावर असं समाधान होतं की माझा पाय दारातच अडला. तो समोर बघत बसला होता.

मी म्हटलं, "अक्का, हा बारक्या नाही."

"मला सांगतेस?" त्यांचा आवाज तुटत तुटत येत होता. "मी त्याची आई आहे."

"मग सोडा त्याचा हात."

"बसू दे गं. आलाय तर. खरा उतरेपर्यंत मी असेन का?"

मी नकाशाकडे गेले. तो म्हणाला, बटण मागे घेतलंत तर विमानातला तोही मागे जाईल. अगदी शांतपणे म्हणाला, बस कुठल्या थांब्यावर थांबते ते सांगावं तसं. खरं की खोटं, मला कसं कळणार. बटण मी पुढे नेलं तेव्हा हा आला. मग मागे नेल्यावर समुद्रावर काय होईल ते कोण सांगणार. ठेवावं तर अक्का जातात, ओढावं तर बारक्या.

तेव्हा मला नियम आठवला. पुढे न्यायचं नाही. अक्कांनी सगळी नोकरी एकाच गोष्टीवर काढली होती, जे जिथे आहे ते तिथेच दाखवायचं. मी फोन बघितला. उरलेला वेळ चार तास. बरोबर बारा वाजले होते. म्हणजे दहावी गाठ, ना पुढे ना मागे.

मी बटण धरलं. ते इतकं गार होतं की बोटांना चिकटलं. टक्क, तेरावी. मागे खुर्ची करकरली. तो उठायला बघत होता आणि उठता येत नव्हतं, कमरेशी काहीतरी बांधल्यासारखं. टक्क, बारावी. तो माझ्याशी बोलायला लागला, पण आता शब्द दोन नव्हे, चार, पाच मोजून येत होते, तुटत होते, आणि त्यांत अशा शिव्या होत्या ज्या बारक्यानं जन्मात उच्चारल्या नसतील. टक्क, अकरावी. मी मागे बघितलं नाही. टक्क.

कानांतले दडे सुटले. एवढ्या जोरात की मी ओरडले. स्वयंपाकघरात दुधाची पिशवी ओट्यावरून सपकन खाली पडली. खुर्ची रिकामी होती.

अक्कांनी पहिला पुरा श्वास घेतला, मग दुसरा. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "घालवलास," आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या.

८

मी फोन हातातून सोडला नाही. बारक्याला दोनदा निरोप टाकला, दोनदा उत्तर आलं. विमान मागे गेलं नव्हतं. मी भिंतीला डोकं टेकून थोडी रडले आणि कामाला लागले.

एकला डॉक्टरीणबाई आल्या. हॉस्पिटलात हलवू म्हणाल्या. अक्का म्हणाल्या, बारक्या येऊ दे, मग हलवा नाहीतर टाकून द्या. बाई गेल्या. मी घड्याळाकडे बघून गाठी ओढत होते, एक मिनिट पुढे नाही, एक मिनिट मागे नाही. एकला अकरावी. दोनला बारावी. अक्का माझ्याशी बोलत नव्हत्या. वीस वर्षांत आमचं भांडण झालं नव्हतं असं नाही, पण त्या बोलायच्या थांबल्या असं कधी झालं नव्हतं.

तीनला तेरावी ओढली. म्हटलं, अक्का, एकच गाठ. चारला उतरेल, साडेपाचला इथे. त्यांनी डोळे उघडून दोऱ्याच्या त्या शेवटच्या तुकड्याकडे बघितलं. माझ्या करंगळीएवढा तुकडा. त्यांचा श्वास पुन्हा ओल्या कापडातून यायला लागला होता.

"एकच ना?" त्या म्हणाल्या. त्या "घालवलास"नंतर माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मला बरं वाटलं. मी म्हटलं, घोटभर चहा आणते. अक्कांना स्वतःचं अंगही उचलत नव्हतं. मी आधण ठेवलं.

आतून टक्क असा आवाज आला.

९

मी धावत गेले. अक्का नकाशापाशी उभ्या होत्या. नकाशाचा आधार घेऊन, अनवाणी, ताठ. बटण आपल्या टाचणीला टेकलं होतं आणि त्यांचं बोट त्याच्यावर होतं.

"मला आता थांबवत नाही गं," त्या म्हणाल्या. रागावलेल्या नव्हत्या. माझी समजूत काढत होत्या.

बेल वाजली. दोन तोकड्या, एक लांब.

मी दाराशी गेले, पण उघडलं नाही. दाराच्या भोकातून बघितलं. बाहेर मजल्यावरची रिकामी जागा, लिफ्टचं दार, जिना. बेलपर्यंत हात पोचेल असं कुणी उभं नव्हतं. मग नजर खाली गेली. समोर, लिफ्ट आणि जिन्याच्या मधे, बारक्या बसला होता. गुडघे जुळवून, हात दोन्ही बाजूंना टेकवून, पाठ ताठ. त्याच्याखाली खुर्ची नव्हती. काहीच नव्हतं. आणि त्याच्या शेजारी, तेवढ्याच उंचीवर, त्यानं एक जागा मोकळी सोडली होती. मी बघत असताना त्यानं पाय एका बाजूला घेतले, कुणीतरी आत येऊन बसावं म्हणून.

मी कडीवर दोन्ही हात ठेवले. मागून अक्कांचा हात आला, गार, आणि माझी बोटं एकेक करून बाजूला काढायला लागला. माझ्या अंगात त्यांच्या दुप्पट ताकद होती. चार गाठींच्या आधी अक्का म्हणाल्या होत्या ते मला आठवलं, खरा उतरेपर्यंत मी असेन का. माझे हात सुटले. मी सोडले की सुटले, हे मी रोज स्वतःला विचारते.

दार आत ओढलं गेलं. कान फाटल्यासारखे झाले, डोळ्यांपुढे पांढरं झालं, आणि मी खाली पडले. पडताना मला फक्त पाय दिसले. अक्कांचे अनवाणी पाय, उंबऱ्यापलीकडे, अंग चोरून, अरुंद वाटेनं आडवे सरकणारे.

शुद्धीवर आले तेव्हा दार बंद होतं आणि घड्याळात चार वाजून पाच मिनिटं. अक्का खोलीतच होत्या. खुर्चीत. गुडघे जुळलेले, हात खुर्चीच्या हातांवर, नजर समोर जरा वर. गालावर अंड्याएवढा उजेड होता. मी बघत असताना तो कानाकडे सरकला, केसांवरून गेला आणि मावळला. मी नाकाशी हात धरला. मग डॉक्टरीणबाईंना हाक मारायला खाली गेले.

१०

साडेपाचला मी मजल्यावर उभी होते, किल्ली मुठीत. फोनवर सांगायचं धैर्य झालं नव्हतं. लिफ्ट उघडली आणि बारक्या बाहेर आला. करडा स्वेटर, चाकांची बॅग. काही विचारून उत्तर यायला किती लागतं, ते आधी मोजायचं होतं मला. पण तोच बोलायला लागला, भरभर, एका दमात, त्याच्या नेहमीच्या सवयीनं, आणि मला कळलं की हाच तो.

लाज वाटते सांगायला, पण मी त्याला बोलू दिलं. तेवढा वेळ तरी त्याची आई होती.

तो म्हणाला, शेवटच्या तासात गंमतच झाली, काकू. तो सारखा उठणारा माणूस कुठेतरी मागे जाऊन बसला असावा. त्याच्या जागी एक म्हातारी बाई येऊन बसली. पायात काही नाही. तोंड खिडकीकडे. विमान खाली उतरायला लागल्यावर तिनं माझा हात धरला. म्हटलं, घाबरली असेल, धरू दे. मग मलाच झोप लागली, अख्ख्या प्रवासात पहिल्यांदा.

त्यानं बाही वर केली. मनगटावर चार नखं उमटली होती.

"सोडायलाच तयार नव्हती," तो म्हणाला. "सगळे उतरले तरी बसूनच होती."

माझा आवाज माझा मलाच लांबून आला. मी विचारलं, "मग तिला उतरवलं कुणी?"

"कशाला उतरवतील?" माझ्या हातातल्या किल्लीकडे हात पुढे करत बारक्या म्हणाला. "ते विमान पुढे जाणार होतं ना, काकू."